तुसाँ : भटक्याच्या हक्काचं घर

द्राक्षांचे मळे, कौलारू घरं आणि उंचावर वसलेलं बोक्लेर शहर. माथ्यावर एल्फांनी बांधलेला राजवाडा. 'द विचर ३' या गेममधलं तुसाँ संस्थान ३१ मे २०१६ रोजी 'ब्लड अँड वाइन' या विस्तारासोबत खुलं झालं. मूळ गेम मे २०१५ चा, 'हार्ट्स ऑफ स्टोन' हा पहिला विस्तार त्याच ऑक्टोबरातला. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडनं लेखक सापकोव्हस्कीच्या कथांवरून हे जग उभं केलं.

मूळ गेममधला वेलेन प्रांत युद्धानं होरपळलेला. दलदल, ओस गावं, झाडाला लटकणारी प्रेतं. तिथून तुसाँत उतरलं की ऊनसुद्धा वेगळं भासतं. पण इथंही कुणीतरी सरदारांचे मुडदे पाडतंय. त्याच्या मागावर तुसाँची डचेस अ‍ॅना हेन्रिएटा गेमचा भटका नायक गेराल्ट याला बोलावते आणि मोबदल्यात कोर्व्हो बियांको हा मळा देते.

मुक्काम करावा तो इथंच. कारभारी बर्नबस-बेसिल दारात उभा असतो. पैसे मोजत जायचं, तसा तबेला सुधारतो, पाहुण्यांची खोली सजते, औषधी वनस्पतींची बाग फुलते. भिंतीवर आपल्या पसंतीची चित्रं लावायची, जुन्या तलवारी टांगायच्या. आजवर वाट फुटेल तिकडे गेलेला हा माणूस इथं स्वतःच्या पलंगावर झोपतो. बोक्लेरच्या बँकेतही एक फेरी हवीच. तिथल्या दप्तरी गेराल्ट मयत आहे! खातं गोठलेलं, आणि जिवंत असल्याचं पटवायला या खिडकीवरून त्या खिडकीवर हेलपाटे.

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये वाढलेल्या खेळाडूला हा मळा मनापासून कळतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना इथं दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकीत आडभिंत, मग मोरी, मग पोटमाळा, मग वरचा मजला. ऐपत येईल तसं घर वाढवायचं ही इथली रीत. निर्वासिताला मिळालेलं छप्पर पुढच्या पिढीचं गाव झालं.

डिसेंबर २०२२ च्या मोफत अपडेटनं हे जग अधिक देखणं झालं आहे, तेव्हा पुन्हा जायला निमित्त आहे. मुख्य मेनूतून थेट तुसाँत उतरता येतं. तरी आधी वेलेनचा चिखल तुडवावा, सराईत उसन्या खाटेवर रात्री काढाव्यात आणि मगच कोर्व्हो बियांकोचं दार उघडावं.