फी माफ, पण घर कोण चालवणार?

सिंगापूरच्या तुआस बंदरात धक्क्यापासून यार्डापर्यंत कंटेनर नेणाऱ्या गाड्यांना ड्रायव्हरच नसतो. या बंदराचं रीतसर उद्घाटन २०२२ साली झालं. यंत्रं आली की ‘नवीन काहीतरी शिका’ असं कामगाराला सांगणं कोणालाही जमतं. शिकण्याचे महिने कोणाच्या पैशावर काढायचे, हा खरा प्रश्न. तिथल्या सरकारला त्याचं बऱ्यापैकी उत्तर द्यायला दहा वर्षं लागली. ते कसं बसवलं आहे, ते पाहू.

आधी पैसा. प्रत्येक मालक आपल्या कर्मचाऱ्याच्या मासिक पगाराच्या ०.२५ टक्के रक्कम कौशल्यविकासाचा कर म्हणून भरतो. माणशी महिन्याला जास्तीत जास्त सव्वाअकरा डॉलर. (सिंगापूरचा एक डॉलर म्हणजे ढोबळमानानं ६०-७० रुपये.) बाकीचा मोठा भार सरकारी तिजोरी उचलते. पुण्याहून तिकडे गेलेल्या इंजिनिअरच्या पगारावरही हा कर लागतो. खात्यात जमा होणारं प्रशिक्षणाचं क्रेडिट मात्र फक्त नागरिकांना मिळतं.

हे क्रेडिट देणारी ‘स्किल्सफ्यूचर’ नावाची योजना २०१५च्या अर्थसंकल्पात आली. २५ वर्षांवरील प्रत्येक नागरिकाच्या नावे ५०० डॉलर जमा झाले आणि जानेवारी २०१६पासून ते वापरता येऊ लागले. हे पैसे हातात येत नाहीत. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला नाव घालताना तेवढी रक्कम फीमधून वळती होते. नोकरी यंत्रामुळे गेली, मंदीमुळे गेली की साहेबाशी वाजल्यामुळे, हे कोणी विचारत नाही. हा शहाणपणाचा भाग. अमेरिकेत १९७४च्या व्यापार कायद्याखालच्या योजनेत परदेशी मालामुळे किंवा काम परदेशी गेल्यामुळे रोजगार बुडाल्याचं दाखवावं लागे. नुसत्या यंत्रानं घरी बसवलेला कामगार तिच्या दाराबाहेरच राही.

पण ५०० डॉलरमध्ये चार दिवसांचा वर्ग होतो, ड्रायव्हरचा तंत्रज्ञ होत नाही. शिवाय सरकारी अनुदान म्हटलं की लबाडी आलीच. २०१७ साली एका टोळीनं नऊ कंपन्या पुढे करून खोट्या प्रशिक्षणार्थींच्या नावानं जवळपास ४ कोटी डॉलर उपटल्याचं उघड झालं.

मोठा बदल २०२४मध्ये झाला. चाळिशी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला आणखी ४,००० डॉलर मिळाले. त्यांना मुदत नाही, पण ते नोकरीला उपयोगी पडतील अशा निवडक अभ्यासक्रमांवरच खर्च करता येतात. या वयोगटाला अनेक अभ्यासक्रमांच्या फीमध्ये ९० टक्क्यांपर्यंत सवलतही आहे. तरीही फी हा खर्चाचा लहान हिस्सा. चाळिशीतला माणूस वर्गात बसला की घराचा हप्ता थांबत नाही, मुलांची शाळा थांबत नाही.

म्हणून २०२५पासून भत्ता सुरू झाला. निवडक पूर्णवेळ अभ्यासक्रमाला बसणाऱ्या चाळिशीपुढच्या नागरिकाला आधीच्या सरासरी उत्पन्नाच्या निम्मी रक्कम दरमहा मिळते. कमाल मर्यादा ३,००० डॉलर. आयुष्यभरात मिळून असे २४ महिने. समजा, एखादा क्रेनचालक ३,२०० डॉलर कमवत होता, तर शिकताना त्याला महिना १,६०० मिळतील. निम्म्यात घर चालवणं कठीणच, पण शून्यापेक्षा कितीतरी बरं.

नोकरी गेलेल्यांसाठी आणखी एक आधार एप्रिल २०२५पासून आहे. सरासरी उत्पन्न महिना ५,००० डॉलरपर्यंत असणाऱ्याला सहा महिन्यांत जास्तीत जास्त ६,००० डॉलर. पहिल्या महिन्यात १,५००पर्यंत, मग १,२५०, मग १,०००, आणि शेवटचे तीन महिने प्रत्येकी ७५०पर्यंत. दर महिन्याला अर्ज करणं, समुपदेशन घेणं, वर्गाला जाणं यांचे गुण जमवावे लागतात. ते भरले नाहीत तर त्या महिन्याचे पैसे नाहीत.

माझ्या मते या सगळ्यात उत्तम कल्पना वेगळीच आहे, ती म्हणजे व्यवसाय बदलण्याच्या ‘करिअर कन्व्हर्जन प्रोग्रॅम’ची. तिथं क्रम उलटा असतो. आधी कंपनी माणसाला कामावर घेते आणि मग शिकवते. शिकण्याच्या काळात त्याच्या पगाराचा ७० टक्क्यांपर्यंत, आणि चाळिशीपुढच्यांसाठी ९० टक्क्यांपर्यंत, भार ठरलेल्या मर्यादेत सरकार सोसतं. प्रमाणपत्र घेऊन दारोदार फिरायची वेळच येत नाही, आणि जे काम खरोखर आहे तेवढंच शिकवलं जातं.

भारतानं १९९२ साली राष्ट्रीय नवीकरण निधी काढला, तेव्हा विस्थापित कामगारांचं फेरप्रशिक्षण हे त्याच्या उद्देशांत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात बहुतेक पैसा सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईत गेला. माणसं घरी पाठवायला निधी पुरला, त्यांना पुन्हा उभं करायला नाही. यापुढे आपल्याकडे कोणी फेरप्रशिक्षणाची घोषणा केली, तर किती लाख लोकांना शिकवणार हे नंतर विचारा. शिकणाऱ्याच्या घरी दरमहा किती रुपये जाणार आणि नोकरी आधी की नंतर, एवढं आधी विचारा.