नाशिकच्या द्राक्षवेलीला तापमानवाढ कशी कळते?

सप्टेंबर संपत आला की निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत एकच प्रश्न फिरू लागतो: छाटणी कधी घ्यायची? दहा दिवस अलीकडे घेतली तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर पडण्याची भीती. दहा दिवस पुढे ढकलली तर माल उशिरा तयार होणार आणि तोवर बाजारात गर्दी झालेली असणार. हा हिशेब आधीच्या पिढीलाही करावा लागायचा. पण त्या हिशेबात एक गोष्ट पक्की धरलेली असायची. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस उघडतो आणि पुढे होळीपर्यंत आभाळ बहुतेक कोरडं राहतं. आता हीच गोष्ट भरवशाची राहिलेली नाही.

जागतिक तापमानवाढ म्हटलं की डोळ्यांसमोर तापलेला उन्हाळा येतो. आकडेही तसेच आहेत. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार 2024 या वर्षाचं सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या काळापेक्षा सुमारे 1.55 अंश सेल्सिअसनं जास्त होतं. भारताचं सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंशानं वाढलं. पण नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला ही वाढ थर्मामीटरवर दिसण्याआधी दिनदर्शिकेवर दिसते. मे महिन्यातल्या उन्हापेक्षा नोव्हेंबरातल्या ढगांनी त्याचं जास्त नुकसान केलं आहे.

पाऊस न पडण्याच्या भरवशावरचं पीक

द्राक्ष मुळात थंड हिवाळ्याच्या प्रदेशातलं. तिकडे हिवाळ्यात वेल पानं टाकून झोपी जाते, वसंतात जागी होते आणि वर्षातून एकदा फळ देते. नाशिकमध्ये बर्फ पडत नाही, त्यामुळे वेल झोपत नाही. म्हणून इथे तिची वर्षातून दोनदा छाटणी होते.

एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी. या छाटणीनंतर येणाऱ्या फुटींपासून काड्या तयार होतात. फळ घ्यायचं नसतं. ऑक्टोबरच्या आसपास होते ती गोडी बहार छाटणी. तयार काड्या काही डोळे राखून कापतात, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात आणि मग जी फूट येते तिच्यावर घड लागतात. थॉमसनसारख्या वाणाचा माल या छाटणीपासून साधारण 120 ते 130 दिवसांत काढणीला येतो. म्हणजे ऑक्टोबरात छाटलेली बाग फेब्रुवारीत खाली होते.

या वेळापत्रकामागचा हेतू सरळ आहे. फळ वाढण्याचे सगळे नाजूक दिवस कोरड्या महिन्यांत पडावेत. बाकीचा महाराष्ट्र पावसाची वाट पाहतो. द्राक्ष मात्र पाऊस न पडण्याच्या भरवशावर उभं आहे. पाणी ठिबकमधून मुळांना हवं, आभाळातून घडांवर नको.

फ्रान्समध्ये या वेलीनं वेगळ्या प्रकारे साक्ष दिली आहे. बर्गंडी प्रांतातल्या बोन या गावी द्राक्षतोडणी कधी सुरू झाली, याच्या 1354 पासूनच्या तारखा संशोधकांनी जुन्या दप्तरांतून गोळा केल्या. 1988 नंतरची तोडणी आधीच्या सहा शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे 13 दिवस लवकर होऊ लागली आहे. तिथे ऊन वाढलं की वेल स्वतःच तारीख अलीकडे आणते. नाशिकमध्ये तारीख माणूस ठरवतो, कात्री हातात घेऊन. म्हणून हवामान बदलाचा धोकाही त्यालाच आगाऊ पत्करावा लागतो.

पाऊस किती पडला, यापेक्षा कधी पडला

दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे गव्हाला वरदान. द्राक्षबागेत तोच पाऊस काय करेल, हे छाटणीला किती दिवस झाले आहेत यावर ठरतं.

छाटणीनंतर पहिले तीन-चार आठवडे पानं आणि घड अगदी कोवळे असतात. या काळातला मोठा शत्रू म्हणजे डाऊनी, ज्याला केवडा असंही म्हणतात. हा बुरशीसारखा जीव पसरायला पानावर पाण्याचा पातळ थर लागतो. त्याचे बीजाणू त्या थरात अक्षरशः पोहतात आणि पानाच्या खालच्या बाजूला असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात. विशीतलं तापमान आणि काही तास न सुकलेलं पान एवढं त्याला पुरतं. त्यामुळे धो धो पाऊसच हवा असं नाही. दोन दिवस ढगाळ हवा, रिमझिम आणि सकाळचं धुकं असलं तरी काम होतं. पानावर डाऊनी आली तर फवारणीनं आवरता येते. फुलोऱ्याआधीच्या घडात शिरली तर तो घड गेला.

हा रोग अमेरिकेतून युरोपात गेला आणि 1878 मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा आढळला. त्यावरचा उपायही तिथेच, काहीसा योगायोगानं सापडला. बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची फळं वाटसरूंनी चोरू नयेत म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुन्याचं निळसर मिश्रण शिंपडत. त्या वेलींना रोग कमी लागतो, हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. 1885 मध्ये त्यानं ते मिश्रण औषध म्हणून मांडलं. तेच हे ‘बोर्डो’, जे नाशिकच्या प्रत्येक बागायतदाराच्या तोंडी आजही असतं.

पुढचा टप्पा फुलोऱ्याचा, छाटणीनंतर साधारण 35 ते 40 दिवसांचा. तेव्हा पाऊस आला की घडात पाणी साचतं, फुलांची गळ होते, घड कुजतात. शेवटचा धोका सगळ्यात महागडा. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून साखर भरू लागल्यावर, साल ताणलेली असते. अशात पाऊस झाला की मुळं आणि साल दोन्हींकडून पाणी आत जातं, आतला दाब वाढतो आणि मणी तडकतो. तडकलेल्या एका मण्याचा रस शेजारच्या मण्यांवर उतरतो आणि कूज घडभर पसरते. तोवर फवारणी, विरळणी, खतं यांचा सगळा खर्च होऊन गेलेला असतो.

26 नोव्हेंबर 2023 ला नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, तेव्हा हे सगळे टप्पे एकाच रात्री सापडले. मध्य ऑक्टोबरात छाटलेल्या बागा फुलोऱ्यात होत्या, सप्टेंबरातल्या बागांत मणी भरत होते. कसमादे पट्ट्यातल्या, विशेषतः सटाण्याकडच्या, लवकर छाटलेल्या पूर्वहंगामी बागा त्याहून पुढे होत्या.

नोव्हेंबरात हा पाऊस येतो कुठून?

नाशिकच्या पश्चिमेला सह्याद्री आहे आणि त्यापलीकडे अरबी समुद्र. हा समुद्र तापतो आहे. हवा 1 अंशानं तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे ढगांना लागणारा कच्चा माल वाढतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली. वादळ किनाऱ्यावर आलंच पाहिजे असं नाही. ते दूर समुद्रात असलं तरी बाष्प घाटमाथा ओलांडून आत ढकललं जातं.

2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ कोकण किनाऱ्यावर धडकलं आणि त्याचा ओलावा नाशिकच्या बागांपर्यंत पोहोचला. 2019 मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार आणि पाठोपाठ महा, अशी दोन वादळं अरबी समुद्रात उठली. त्या दिवाळीत पाऊस थांबलाच नाही आणि बागा डाऊनीनं पोखरल्या.

परतीच्या पावसाचीही तारीख सरकली आहे, आणि ही नुसती शेतकऱ्यांची तक्रार नाही. हवामान विभागानं 2020 मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा नव्या नोंदींच्या आधारे बदलल्या. मुंबईतून मान्सून परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. नऊ-दहा दिवसांचा हा फरक शहरात कुणाला जाणवतही नाही. बागेत मात्र तेवढ्यात डोळे फुटून पोपटी पोंगे बाहेर आलेले असतात.

गारपिटीचं वेगळं आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राला गारपिटीनं अनेक दिवस झोडपलं, पण अशी प्रत्येक गारपीट थेट तापमानवाढीच्या खात्यावर लिहिता येत नाही. वाढलेलं बाष्प आणि मोठ्या पावसाच्या घटना यांबाबत विज्ञानाचा आधार भक्कम आहे. गारांबाबत तो बराच दुबळा आहे. चर्चेत दोन्ही एकत्र घातले जातात, ते टाळलेलं बरं.

मे महिन्यात हरवलेले घड

सगळ्यात अवघड नुकसान डोळ्यांना दिसत नाही. फेब्रुवारीत तोडला जाणारा घड जन्माला येतो तो आदल्या मे-जूनमध्ये. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात काडीवरच्या प्रत्येक डोळ्याच्या आत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल एवढा, पुढच्या हंगामाचा घड आकार घेतो. याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्या वेळी डोळ्याला भरपूर ऊन लागतं, आणि पाण्याचा थोडा ताणही. दोन्ही मिळालं तर आत घड तयार होतो. आभाळ झाकलेलं राहिलं आणि जमीन सतत ओली असली तर वेल नुसती वाढत सुटते, आणि जिथे घड व्हायचा तिथे बाळी तयार होते. बाळी म्हणजे वेलीला आधार पकडायला मदत करणारा तो गुंडाळलेला तंतू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं घड आणि बाळी एकाच अंकुरातून निघतात. काय व्हायचं ते त्या काही आठवड्यांत ठरतं.

मे महिना नाशिकला कडक उन्हाचा, त्यामुळे ही गोष्ट आपोआप जमून यायची. 2025 मध्ये ती जमली नाही. मे महिनाभर अवकाळी पाऊस येत राहिला. मान्सूनही 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत दाखल झाला; मुंबईची सरासरी तारीख 11 जून आहे. काड्या हिरव्यागार दिसत होत्या. नुकसान कळलं ते थेट गोडी बहार छाटणीनंतर, जेव्हा अनेक बागांत फूट आली पण घड मोजकेच निघाले. पंचनामा करायला जावं तर गारांनी फाटलेलं पान नाही की पाण्यात बुडालेलं शेत नाही. जे निघालंच नाही त्याचा पंचनामा कसा करायचा, हा प्रश्न महसूल यंत्रणेलाही नवा आहे.

थंडीनंही बागायतदाराची सुटका केलेली नाही. सरासरी तापमान वाढलं म्हणून थंड रात्री संपत नाहीत. कोरड्या, निरभ्र रात्री जमिनीची उष्णता झपाट्यानं निघून जाते. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा डिसेंबर-जानेवारीत कधी 5 अंशांच्याही खाली उतरतो. मग मण्यांची फुगवण थांबते, काही हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते आणि ‘पिंक बेरी’ म्हणून निर्यातीचा माल नाकारला जातो. पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं. गव्हाच्या केंद्रात ज्या थंडीचं स्वागत होतं, तिलाच शेजारची बाग घाबरते.

बाग झाकायची का?

पावसावरचा सरळ उपाय म्हणजे वेलीवर प्लॅस्टिकचं छप्पर. राज्य सरकारनं त्यासाठी प्रायोगिक योजना आणली. तिच्यात एकरी सुमारे 4 लाख 81 हजार रुपये खर्च धरून निम्मं अनुदान ठेवलं आहे. उरलेला निम्मा खर्चही लहान बागायतदाराला कर्जाशिवाय पेलत नाही. शिवाय छप्पर पाऊस अडवतं तसं उजेडही कमी करतं, आतली हवा कोंडते आणि जोराच्या वाऱ्यात फाटतं. सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात उजेड कमी करणारी वस्तू डोक्यावर असणं हे वेगळंच दुखणं. म्हणजे ते केव्हा पांघरायचं आणि केव्हा काढायचं, यालाही पुन्हा तारखाच पाहाव्या लागतात.

दुसरा मार्ग फवारणीचा. पण पाऊस जितका जास्त, तितक्या फवारण्या जास्त, आणि त्यांचा अंश फळात उरण्याची शक्यताही जास्त. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या प्रत्येक नोंदणीकृत प्लॉटचा नमुना तोडणीआधी प्रयोगशाळेत तपासला जातो. काढणी तोंडावर असताना पाऊस आला तर औषध मारावं की नाही, हा निर्णय दोन्हीकडून नुकसानीचा असतो.

विमा आहे, तो हवामानावर आधारित. नुकसान बागेत जाऊन मोजायचं नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरलेल्या मर्यादेपलीकडे पाऊस नोंदला गेला की भरपाई मिळते. कागदावर ही पद्धत झटपट आहे. पण अवकाळी पाऊस शिवार निवडून पडतो. केंद्रावर ऊन आणि चार किलोमीटरवरच्या बागेत चिखल, असं घडलं की भरपाईचा आकडा शून्य येतो.

म्हणून अनेक जण आपली बाग तुकड्यांत वाटून वेगवेगळ्या तारखांना छाटतात. एक तुकडा गेला तर दुसरा हाती लागेल, या आशेनं. याचा परिणाम पेठ, सुरगाण्याहून छाटणी आणि विरळणीसाठी येणाऱ्या आदिवासी मजुरांवरही होतो. या टोळ्या बहुधा एकराच्या हिशेबानं काम घेतात. तारखा पांगल्या की कामाचे दिवस तुटक होतात. फुलोऱ्यातच घड कुजले तर पुढची विरळणी होत नाही आणि तिची मजुरीही बुडते. विम्याचा अर्ज बागायतदाराच्या नावानं भरला जातो. बुडालेल्या मजुरीसाठी त्यात रकाना नाही.