खेळाडूची खरी कसोटी

रत्नागिरीस शिक्षक असतां खोखोचा संघ निवडण्यासाठीं आम्ही मुलांस मैदानाच्या दहा फेऱ्या धांवावयास लावीत असूं. एके वर्षीं सातव्या फेरीस दम लागून बसलेल्या मुलास आम्ही वगळलें. पुढें सुटींतल्या खेळांत तोच कोणाच्या हातीं लागेना, तेव्हां आमची चूक आम्हांस उमगली. खोखोंत बचावाचे गडी तिघातिघांनीं उतरतात. तेथें लांब पल्ल्याच्या दमाहून क्षणांत वळण्याची चपळाई अधिक लागते.

कॅनडाचा राष्ट्रीय हिवाळी खेळ जो आइस हॉकी, त्याचेंही असेंच आहे. त्यांतील गडी सुमारें पाऊण मिनिट सर्व शक्तीनें खेळून विसाव्यास बाहेर येतो. म्हणून त्यास ३० सेकंद जिवाच्या करारानें सायकल मारावयास लावून त्याचें बल मोजतात, आणि बर्फावर स्केट बांधून त्याचा वेग व वळणें पाहतात. कॅनडांतीलच ल्यूक लेजे यांनीं बसविलेली २० मीटरांची येरझार तर आपल्या कोणत्याही पटांगणांत घेतां येते. तींत वेग ताशीं ८.५ किलोमीटरांपासून दर मिनिटास अर्ध्या किलोमीटरानें वाढत जातो.

तात्पर्य, कसोटी खेळास साजेशी असावी. एका धांवेवरून घरच्या मुलास कोणीं दुबळा ठरवूं नये. आम्हीं ठरविला होता, त्याची रुखरुख अद्याप गेलेली नाहीं.