मोठी बॅटरी फुल, तरी गाडी ठप्प? हायब्रिडच्या १२ व्होल्टची गोष्ट

आजचा प्रश्न थेट विचारतो. हायब्रिड गाडीत एवढी मोठी बॅटरी असताना ती छोटी १२ व्होल्टची कशाला लागते?

उदाहरण घेऊ टोयोटा प्रियसचं. ही गाडी जपानमध्ये १९९७ साली आली. तिच्या दुसऱ्या पिढीत मोठी बॅटरी २०१.६ व्होल्टची. इंजिन फिरवायचं कामही तिच्याच जोरावर होतं, त्यामुळे नेहमीचा स्टार्टर नाही आणि अल्टरनेटरही नाही. मग छोटीचं काम काय? कंप्युटर जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले जोडायचे. गाडी बंद असताना हे रिले उघडे असतात, म्हणजे मोठी बॅटरी बाकी गाडीपासून तुटलेली. छोटी उतरली की रिले लागतच नाहीत. कोठार भरलेलं, पण कुलूप उघडणारा झोपलेला!

गंमत म्हणजे ही छोटी बॅटरी असते डिकीत, आणि डिकीचं लॉक विजेवर. म्हणून जंप स्टार्टसाठी बॉनेटखाली फ्यूजबॉक्समध्ये वेगळं टर्मिनल दिलंय.

आता प्रयोग. साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि छोट्या बॅटरीच्या दोन टोकांना लावा.

पहिलं रीडिंग, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. साधारण १२.६ आलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या बरंच खाली म्हणजे धोक्याची घंटा.

दुसरं, ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. घुर्रर्र आवाज येईल. तो ब्रेकचा पंप दाब भरतोय. आकडा खाली येईल. बॅटरी थकलेली असेल तर जास्तच घसरेल.

तिसरं, गाडी रेडी मोडला आणा. आकडा १४ च्या जवळ जाईल. आता डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज करतोय.

इथूनच काही जणांना सुचतं, की लाइट गेल्यावर याच १२ व्होल्टवर इन्व्हर्टर लावून घर चालवू. जमतं, पण हिशोब करा. १००० वॅट भागिले १४ व्होल्ट म्हणजे सुमारे ७१ अँपिअर, शिवाय इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं वेगळं. कन्व्हर्टरची मर्यादा साधारण १००, आणि त्यातच गाडीची स्वतःची गरज भागवायची. तेव्हा दिवे, पंखा, वायफाय ठीक, गिझर विसरा. पॉझिटिव्ह टोकाजवळच फ्यूज हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेडी मोडमधली गाडी गप्प असते, पण बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो जीव घेतो. म्हणून हा प्रयोग फक्त उघड्यावर, गाडी पार्कमध्ये आणि हँडब्रेक ओढून. चालत्या गाडीत तर नाहीच, कारण ब्रेकचा कंप्युटरसुद्धा याच १२ व्होल्टवर चालतो.

आणि नारिंगी वायर दिसली की हात मागे. ती मोठ्या बॅटरीची. जंप देताना प्लस-मायनस दोनदा तपासा. उलटं लागलं तर महागडे इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात.

तुमच्याकडे हायब्रिड असेल तर आधी मॅन्युअल उघडा, छोटी बॅटरी कुठे आहे ते शोधा, मग मीटर लावा. रीडिंग काय आलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!