मार्सेलिस बंदरात एक दिवस

मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या जुन्या पिढीला मार्सेलिस हे नाव चांगले परिचयाचे होते. सुएझचा कालवा ओलांडून आगबोट येथे लागे आणि घाईचे उतारू आगगाडीने कॅलेकडे निघून जात. फ्रेंच लोक या गावाला 'मार्सेय' म्हणतात. आपल्याकडे मार्सेलिस हेच रूढ झाले. विमाने आली आणि ती वाट मोडली. आता भूमध्य समुद्रातील सहलीची जहाजे सकाळी येथे उतारूंना सोडतात व संध्याकाळी परत घेऊन जातात. सव्वीसशे वर्षांच्या शहराला एक दिवस अपुराच; पण तो नीट वाटून घेतला तर पुष्कळ काही पदरात पडते.

मोठी जहाजे उत्तरेकडील नव्या गोद्यांत लागतात. तेथून प्रथम जुन्या बंदरावर यावे. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकाया गावच्या ग्रीक दर्यावर्दींनी याच खाडीच्या काठी वसाहत केली. आजही सकाळी येथे होडीतून उतरलेली मासळी धक्क्यावरच विकतात. काठाच्या उत्तरेकडील जुनी वस्ती मात्र पूर्वीची राहिलेली नाही. १९४३ साली जर्मनांनी हजारो रहिवाशांना बाहेर काढून सुमारे दीड हजार इमारती सुरुंगांनी उडविल्या. सतराव्या शतकातील नगरभवन मात्र त्यातून वाचले.

दक्षिणेच्या टेकडीवर 'नोत्र दाम द ला गार्द' हे मंदिर आहे. १८६४ साली त्याचे पावित्र्यविधान झाले. शिखरावर बाळासह मेरीची सोनेरी मूर्ती असून ती समुद्रावरून दुरूनच दिसते. आत छताला लहान लहान गलबते टांगलेली आढळतात. वादळातून सुखरूप परतलेल्या खलाशांनी फेडलेले हे नवस होत. नवसाची रीत आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

टेकडीवरून समोरच इफचा किल्ला दिसतो. सोळाव्या शतकात पहिल्या फ्रान्सिस राजाने तो बांधला. पुढे त्याचा तुरुंग झाला. अलेक्झांडर द्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीचा नायक येथूनच समुद्रात निसटतो. तो नायक कल्पनेतला. तरी त्याची कोठडी म्हणून एक खोली प्रवाशांना दाखवितात.

मराठी माणसाला येथे दुसऱ्याच एका बंदिवानाची आठवण होते, आणि तो कल्पनेतला नव्हे. ८ जुलै १९१० च्या सकाळी 'मोरिया' बोटीच्या शौचकूपाच्या गवाक्षातून विनायक दामोदर सावरकरांनी या बंदरातल्या पाण्यात उडी घेतली. ते धक्क्यावर पोहोचले, काही अंतर धावले. पण फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून ब्रिटिशांच्या हवाली केले. परक्या भूमीवर झालेल्या या अटकेविरुद्ध मादाम कामा आणि मार्क्सचा नातू जाँ लाँगे यांनी आवाज उठविला. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने अटकेत व स्वाधीन करण्यात अनियमितता झाल्याचे मान्य केले, आणि तरीही कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असा निर्णय दिला! तोवर हिंदुस्थानात त्यांना पन्नास वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झालेली होती. फ्रान्सच्या राष्ट्रगीताला ज्या गावाचे नाव आहे, त्याच गावी हे घडावे, हे मनाला लागून राहते.

वेळ उरल्यास मोटारीने माझार्ग येथील युद्धस्मशानात अवश्य जावे. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज याच बंदरात उतरली. तिच्यात आपल्या खडकीच्या छावणीचे सॅपर्सही होते. ऑक्टोबरात न्यव्ह शापेलच्या लढाईत ते लढले. माझार्गला हिंदी सैनिकांच्या कबरी आहेत आणि ज्यांचे दहन झाले त्यांच्यासाठी स्मारक आहे. फेब्रुवारी १९२५ नव्हे, त्याच वर्षीच्या जुलैत उभारलेल्या या स्मारकाला शंभर वर्षे होत असताना, २०२५ च्या फेब्रुवारीत, भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पांजली वाहिली आणि त्याच भेटीत सावरकरांच्या धाडसाचेही स्मरण केले.

साम्राज्याच्या तावडीतून सुटू पाहणारा एक जण आणि चारच वर्षांनी त्याच साम्राज्यासाठी रणात जाणारे हजारो जण, दोघांचेही पाय याच धक्क्यांना लागले. एकाची थोरवी गाताना दुसऱ्यांना विसरण्याचे कारण नाही. घरापासून इतक्या दूर आलेली ही सारी आपलीच माणसे होती. संध्याकाळी जहाज सुटेल तेव्हा कठड्याशी उभे राहून त्या पाण्याकडे घटकाभर पाहावे. दिवस सार्थकी लागेल.