कुळाचा शोध : कुंभकोणमच्या दप्तरांतून

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु स्वतःचे कूळ विचारल्यावाचून मनुष्यास राहवत नाही. आणि ज्याचे पूर्वज गाव सोडून दूरदेशी गेले, त्यास तर मुळीच राहवत नाही. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणम नगरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणी आहेत. त्यांच्या घरची मराठी तमिळच्या सहवासाने निराळ्या वळणाची झाली आहे; पण ती मराठीच आहे. ‘आपण मूळचे कुठले?’ असे विचारले, तर मात्र पुष्कळदा ‘वर, देशावरचे’ एवढेच उत्तर मिळते. त्या ‘वर’चा पत्ता जुन्या कागदांतून कसा लावावा, हे आज पाहू.

व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. या सुमारे १८० वर्षांत शिलेदार, कारकून, शास्त्री, कीर्तनकार अशी नाना प्रकारची माणसे या मुलखात येऊन स्थायिक झाली. राजांनी आपली वंशकथा बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली मराठीत कोरवून ठेवली. सामान्य गृहस्थाच्या वाट्याला अशी भिंत कोठून येणार? त्याचा आधार कागदच.

पहिली अडचण आडनावाची. दक्षिणेत आडनाव चालविण्याची रीत नाही. नावाआधी गावाचे वा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर येते. कुंभकोणम येथे १८२८ साली जन्मलेले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या नावातील ‘टी’ हे आडनाव नसून तंजावर आहे! तेव्हा आडनावाचा धागा धरून शोध घेऊ लागलो, तर तो पहिल्याच गाठीला तुटतो.

म्हणून आरंभ घरापासून करावा. गोत्र, शाखा आणि कुलदैवत ही तीन सहसा विसरली जात नाहीत. तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, कोल्हापूरची महालक्ष्मी यांपैकी कोणते दैवत घरात पूजिले जाते, त्यावरून निदान मूळ प्रदेशाची दिशा कळते. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे उच्चारली जातात. एवढी नावे हाती आली की कागदाकडे वळावे.

यापुढे जमिनीची दप्तरे उपयोगी पडतात. मद्रास इलाख्यात १८५८ साली इनाम कमिशन नेमले गेले. धर्मादाय, देवस्थान वा चाकरी यांपोटी मिळालेल्या प्रत्येक इनामाची चौकशी करून त्याने नोंदवह्या तयार केल्या. इनाम कोणी दिले, मूळ इनामदार कोण, सध्याचा धारक कोण, त्याचे मूळ इनामदाराशी नाते काय, असे रकाने त्यांत आहेत. सरकारला हवा होता हक्काचा पुरावा. आपल्या हाती आली वंशावळ! एकाच ओळीत तीन-चार पिढ्या जोडल्या जातात. अशा वह्या चेन्नईच्या अभिलेखागारात पाहावयास मिळतात. त्यांच्या जोडीला नोंदविलेली खरेदीखते, वाटणीपत्रे आणि गहाणखते पाहावी. वाटणीपत्रात भावाभावांची नावे एकत्र येतात, म्हणून ते वंशशोधकास विशेष मोलाचे.

त्याच्याही मागे जावयाचे, तर मोडी लिपी आली पाहिजे. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. त्यापूर्वीचे आणि राजवाड्याच्या खासगीचे पुष्कळ मोडी कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत; काहींची तमिळ भाषांतरेही प्रसिद्ध झाली आहेत. येथे तिथी-मिती सांभाळावी. शकात ७८ मिळविले की बहुधा इसवी सन मिळतो, फसलीत ५९०. म्हणजे फसली १२७० हे साल १८६० च्या जुलैत सुरू होते. नुसते संवत्सराचे नाव असेल, तर तेच नाव ६० वर्षांनी पुन्हा येते, हे विसरू नये. नाहीतर आजोबा आणि नातू एकच ठरावयाचे!

दानपत्रांचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव शहाजीराजांनी १६९३ साली ४६ विद्वानांस अग्रहार दिले आणि ते शहाजीराजपुरम झाले. अशा अग्रहारात मूळ वाटेकरी कोण, हे कळले की त्यांच्या वंशजांस निश्चित आरंभबिंदू मिळतो.

आपल्याकडे नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचे गाव, कूळ आणि मुलांनातवंडांची नावे लिहिलेली असतात. तंजावरकडचा एखादा पूर्वज यात्रेस जाऊन तेथे मूळ गाव सांगून आला असेल, तर तुटलेला दुवा तेथेच सांधला जातो. ख्रिस्ती देशांत हेच काम चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या करितात. कॅरिबियन बेटांवरील लोक आपली कुळे त्यांतूनच शोधतात. आणि ती बेटे कुंभकोणमला अगदीच परकी नाहीत. १८५३ पासून जवळच्या कारैकल आणि पाँडिचेरी बंदरांतून हजारो तमिळ मजूर मार्तिनिक व ग्वादलूप या फ्रेंच बेटांवर उसाच्या मळ्यांत गेले. त्यांच्याआधी तेथे राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांची १८४८ साली मुक्तता झाली, तेव्हा त्यांस प्रथमच आडनावे देऊन वह्यांत नोंदविले गेले. त्यांच्या वंशजांचा शोध पुष्कळदा त्याच पानापाशी थांबतो.

हे ऐकून आपणही अंतर्मुख व्हावे. जमिनीच्या दप्तरात जमीन असलेलाच दिसतो. नांगर धरणारा, पालखी वाहणारा, दळणकांडण करणारी यांची नावे तेथे क्वचितच सापडतात. आणि सापडलेले नाव आपल्याला आवडेल असेही नाही. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांची समजूत होती की, आपला मूळपुरुष व्यंकोजीराजांच्या स्वारीतला सरदार. शोध घेता निघाले ते वाटसरूंच्या पाणपोईसाठी दिलेले लहानसे इनाम! ते थोडे हिरमुसले. परंतु नोंद पुढे वाचली तेव्हा कळले की, मूळ इनामदार लवकर वारला आणि त्याच्या विधवेने ती पाणपोई चालविली. घरात कोणी तिचे नाव ऐकले नव्हते. श्राद्धातही ते उच्चारले जात नव्हते. पुढच्या खेपेस भेटले, तेव्हा त्यांनी सरदाराची गोष्ट काढली नाही. तिचे नाव त्यांनी नातवाकडून वहीत लिहून घेतले होते.

म्हणून विनंती एवढीच की, माळ्यावरच्या मोडी रुमालाला वाळवी लागण्यापूर्वी तो उघडा. वाचता येत नसेल, तर वाचणाऱ्यास दाखवा. आणि घरातल्या वृद्धांस ठाऊक असलेली नावे, विशेषतः सासुरवाशिणींची माहेरची नावे, आजच लिहून काढा. कागद कागदाच्या जागी पुढेही सापडेल. सांगणारे माणूस पुन्हा सापडणार नाही.