वीर न झालेला विक्रेता

जपानांतील ‘आनिमे’ म्हणजे हालत्या चित्रांनीं सांगितलेली कथा. सन २०१३ मध्यें तेथें दाखविलेल्या एका बारा भागांच्या विनोदी कथेकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें. राऊल हा तरुण वीरपदाच्या परीक्षेकरितां झटत असतां दैत्यराज मारला जातो आणि परीक्षाच रद्द होते! शिकलेली विद्या कोणी विचारीना. तेव्हां तो जादूचीं यंत्रें विकणाऱ्या लहानशा दुकानांत नोकरी धरतो. तेथेंच उमेदवार म्हणून फिनो येते, ती त्याच दैत्यराजाची कन्या. गिऱ्हाइकाशीं नम्रपणें कसें बोलावें हें तिला शिकविण्याचें काम राऊलकडे! कांहीं दृश्यें उथळ असून मुलांनीं पाहण्याजोगीं नाहींत, हें पालकांस सांगणें अवश्य आहे. मूळ नांवांत ‘शिबुशिबु’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ नाखुशीनें.